सतरा नंबरचं कुंकू

आशाबाईंनी माझा रिपोर्ट माझ्याच टेबलावर परत ठेवला, चौथं पान उघडलं आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

"मॅडम, हे माझ्या बापाचं नाव नाय."

मी चष्मा लावून पाहिलं. कार्ड क्रमांक सतरा. र. पाटणकर, यष्टिरक्षक. अवस्था खराब. दर्शनी बाजूच्या खालच्या कडेला तांबडा-पिवळा डाग. टायपिंग माझं होतं आणि खाली सहीही माझीच होती.

"छापील यादीत हेच नाव आहे," मी म्हणाले.

"यादी करणाऱ्यानं माझा बाप पाह्यला व्हता का?"

मी त्यांना बसायला सांगितलं आणि चहा टाकला.

नकुल, इरा, हा प्रसंग तुम्हाला मुद्दाम लिहून पाठवते आहे. मागच्या रविवारी नकुलने व्हिडिओ कॉलवर बुटांचा एक खोका दाखवला. आत बेसबॉलची जुनी कार्डं होती, तुमच्या बाबांच्या जन्माआधीची. त्यातली प्रसिद्ध खेळाडूंची चार त्याने प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली होती आणि बाकीची तो टाकून देणार होता, कारण त्या लोकांना कुणी ओळखत नाही. मी म्हटलं, माझं पत्र येईपर्यंत थांब. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही भराभर वाचलं असतं, हे मला माहीत आहे. पण या गोष्टीत कुंकू आहे, आणि मिशनरी शाळेत अकरा वर्षं काढूनही कुंकवाला इंग्रजीत काय म्हणायचं ते मला अजून ठाऊक नाही. अडलं तर आईला विचारा.

तुमची आजी कॉलेजात लायब्ररियन होती, एवढं तुम्ही जाणता. निवृत्त झाल्यावर मी आणखी एक काम सुरू केलं, ते आजही चालू आहे. जुने कागद तपासायचे आणि त्यांचं मोल ठरवायचं. नकाशे, पत्रं, लग्नपत्रिका, काडेपेट्यांवरची चित्रं, काहीही. लिलाव करणाऱ्या संस्था, विमा कंपन्या, कधी भांडणारे भाऊ, असे लोक येतात. मी तीन प्रश्नांची उत्तरं लिहून देते. वस्तू खरी आहे का, ती कोणत्या अवस्थेत आहे, आणि तिची किंमत काय. हा क्रम मी कधी बदलत नाही. बहुतेक लोक तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

आशाबाई पैठणच्या. एसटीत कंडक्टर होत्या, आता निवृत्त. त्यांनी माझ्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चोवीस कार्डं आणली होती. साठ वर्षांपूर्वी आपल्याकडे एक चहा कंपनी होती. आता ती नाही. तिने मराठवाड्यातल्या क्लबांचे चोवीस क्रिकेट खेळाडू निवडले, त्यांचे फोटो पुठ्ठ्यावर छापले आणि चहाच्या पुड्यांत एकेक घातला. पुढे फोटो, खाली एका पट्टीत नाव आणि नंबर. मागच्या बाजूला मराठीत आणि उर्दूत चहाची जाहिरात. त्या चोविसांतले तिघे पुढे मोठ्या सामन्यांत खेळले आणि त्यांचं नाव झालं. बाकीचे एकवीस रविवारी खेळायचे आणि सोमवारी आपापल्या कामावर जायचे.

तुमच्याकडे अशा एकवीस जणांच्या कार्डांना कॉमन म्हणतात. नकुल, इथे लक्ष दे. कॉमन म्हणजे छापताना जी भरपूर छापली ती. याचा अर्थ आजही ती भरपूर आहेत, असा नाही. त्या तिघांची कार्डं लोकांनी देवघरात, पुस्तकात, फ्रेममध्ये जपली. बाकीची पोरांनी सायकलच्या तारांत अडकवली, टरटर आवाज यावा म्हणून. त्यामुळे आज त्या तिघांपैकी कुणाचंही कार्ड मी तुला आठवड्याभरात मिळवून देईन. सतरा नंबरचं मात्र मी पूर्वी एकदाही पाहिलेलं नव्हतं. मुंबईच्या ज्या लिलावघरासाठी मी रिपोर्ट लिहीत होते, त्यांनीही पाहिलेलं नव्हतं. एका संग्राहकाने फार पूर्वी चोवीस नावांची यादी छापली होती. सगळे तीच वापरतात. तिच्यात सतरापुढे पाटणकर असं होतं.

आणि आशाबाईंच्या कार्डावर नावाची पट्टी डागाखाली गेलेली. सुरुवातीचं 'र. प' दिसत होतं, शेवटचं 'णकर' दिसत होतं. 'प'च्या वरचं आणि मधलं सगळं लाल. मी यादी उघडली, नाव जुळलं, लिहून टाकलं. तीस वर्षं याद्या सांभाळण्यात गेलेली बाई यादीवर विश्वास ठेवते. चूक तिथे झाली.

"मग तुमच्या वडिलांचं नाव काय?" मी विचारलं.

"रघुनाथ ढवळे."

"ढवळे? पण इथे शेवटी णकर आहे, हे तर दिसतंय."

आशाबाईंनी कपबशी खाली ठेवली. मग त्यांनी कंडक्टर गावं सांगतो तशा एका लयीत सगळं सांगितलं. वडील पैठणीच्या मागावर काम करायचे. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने इथं शहरात यायचे, क्लबच्या खोलीत झोपायचे, रविवारी कीपिंग करायचे. क्लबात आधीच एक रघुनाथ होता, इथल्याच गुलमंडीचा. मैदानात हाक मारली की दोघंही वळायचे. म्हणून यांना सगळे पैठणकर म्हणू लागले. चहा कंपनीचा माणूस नावं लिहून घ्यायला आला, तेव्हा कॅप्टनने तेच सांगितलं. र. पैठणकर.

"तुमचा रिपोर्ट वाचून लोकं हसतात मला," त्या म्हणाल्या. "म्हणतात, तुजं माहेर ढवळ्याचं, कार्ड पाटणकराचं, आन् बाप म्हणून मिरवती. मी तिकिटं फाडली पस्तीस वर्षं, मॅडम. खोटं तिकीट कधी फाडलं नाय."

त्यांना कार्डं विकायची होती, पण एका अटीवर. कॅटलॉगमध्ये सतरा नंबरपुढे वडिलांचं खरं नाव छापलं पाहिजे. नाहीतर डबा घेऊन त्या परत जाणार होत्या. मग विकायची तरी कशाला, असं मी विचारलं. त्यांचा मुलगा कार्डं लॅमिनेट करून आणतो म्हणत होता. चांगली राहतील, असं त्याचं म्हणणं. ते ऐकल्यावर त्यांनी ठरवलं की ही जाणत्या माणसाच्या हाती गेलेली बरी. त्यांना कार्डांतलं काही कळत नव्हतं, पण गरम प्लास्टिकमध्ये कागद घालणं बरं नाही हे त्यांना उमजलं होतं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या शिकलेल्या लोकांना ते उमजत नाही. आपल्या देशात जपायची प्रत्येक गोष्ट लॅमिनेट होते. मार्कशीट, जन्मदाखला, आजोबांचं पत्र. एकदा झाली की आमच्या दृष्टीने ती संपली.

मी मुंबईला फोन लावला. लिलावघराचे कपाडिया साहेब चांगले गृहस्थ आहेत, मला वसुधाबेन म्हणतात, पण त्यांना घाई असते. कॅटलॉग तीन दिवसांनी छपाईला जाणार होता. मी सांगितलं की माझ्या रिपोर्टात चूक असण्याची शक्यता आहे.

"वसुधाबेन, तुमच्या रिपोर्टात? यादी पाटणकर म्हणते, कार्डावर णकर दिसतं, ओनर म्हणते ढवळे. आता तिसरं नाव मी कुठून छापू?"

मी म्हटलं, मला दोन दिवस द्या. त्यांनी दुसरा मार्ग सुचवला. त्यांच्याकडे कागद साफ करणारा एक कारागीर आहे. डाग काढून टाकू, नाव आपोआप दिसेल, शिवाय ग्रेडही वाढेल. ग्रेड म्हणजे कार्डाच्या अवस्थेला दिलेले गुण, एक ते दहा. चारही कोपरे टोकदार हवेत, कडा सरळ हव्यात, चित्र मधोमध हवं, पृष्ठभागावर घडी किंवा डाग नको. सतरा नंबरचे कोपरे उत्तम होते. डागामुळे मी त्याला दोन दिले होते.

सल्ला चुकीचा नव्हता. मीही मोहात पडले. पण जुनी शाई आणि डाग एकमेकांत मुरलेले असतात. एक काढताना दुसरं निघून येण्याची भीती असते, आणि इथे डागाखाली जे होतं त्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. मी नको म्हणाले.

"फ्रायडे," कपाडिया म्हणाले. "त्याच्यानंतर पाटणकर."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पहिला प्रश्न, वस्तू खरी आहे का. त्यासाठी माझ्याकडे जांभळ्या उजेडाची टॉर्च आहे. दुकानदार नोटा तपासायला वापरतात, तोच प्रकार. नव्या कागदात पांढरेपणासाठी एक रसायन घालतात, ते या उजेडात निळसर चमकतं. जुना कागद तसाच मंद राहतो. पहिल्या वेळी मी चोवीसपैकी चार-पाच कार्डं नमुन्यादाखल पाहिली होती. सतरा त्यांत नव्हतं. तुम्हाला सांगायला लाज वाटते, पण डाग पडलेल्या कार्डाची नक्कल करायला कोण बसेल, असं मला वाटलं होतं.

पडदे ओढून मी टॉर्च सतरा नंबरवर धरली. कागद मंद राहिला, म्हणजे जुना. पण डाग पेटला. कडेकडेने हिरवट पिवळा, अगदी झगझगीत. अशी चमकणारी एकच गोष्ट मला माहीत आहे आणि ती तुमच्या आईच्या मसाल्याच्या डब्यातही आहे. हळद. त्या चमकत्या पिवळ्यावर काळ्या शाईची अक्षरं उठून दिसली. 'प'च्या डोक्यावर दोन मात्रा होत्या.

पाटणकर लिहायला मात्रा लागत नाही.

मी टॉर्च पुढे सरकवली. त्यापुढच्या अक्षरावर मात्र नुसती हळद नव्हती. वर कुंकवाचा जाड थर होता आणि तो टॉर्चला दाद देत नव्हता. पैटणकर की पैठणकर? कपाडिया म्हणाले असते, मात्रा म्हणजे ओरखडा असेल. मला ते अक्षर हवं होतं.

आशाबाई धाकट्या बहिणीकडे उतरल्या होत्या, त्यांना मी बोलावून घेतलं. हळद-कुंकू कुणी लावलं, ते विचारलं. हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. मी रकान्यात 'डाग' लिहून मोकळी झाले होते.

"आईनं," त्या म्हणाल्या. "दसऱ्याला मागाची पूजा असायची. आई मागाशेजारी बापाचे ग्लोव्हज ठेवायची आन् त्यावर हे कार्ड. दरसाल."

"पण मग फोटोला का नाही लावलं? कपाळाला?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. शिकलेल्या बाईला एवढंही कळू नये, असं त्यांना वाटलं असावं.

"जित्या माणसाच्या फोटोला कुंकू लावतेत व्हय, मॅडम?"

मुलांनो, तुमच्या आजोबांच्या फोटोला गंध आणि हार आहे, तो ते गेल्यानंतर आला. जिवंत माणसाच्या फोटोला आपण हार घालत नाही, कुंकू लावत नाही. ते अशुभ मानतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही. कार्डाकडे बघताना सुचलं नाही, इतकंच. मी ग्रेडिंग करत होते.

"आईला अक्षर येत नव्हतं," आशाबाई पुढे म्हणाल्या. "पैठणीच्या घरातली बाई. खालची पट्टी तिला काठ वाटली. म्हणायची, यांच्या अंगाला लावायचं नाय, काठाला लावायचं. बाप बघायचा, हसायचा, पण कधी बोलला नाय की अगं, ते माझं नाव हाय."

त्या स्वतःही हसल्या. मग पदराने चष्मा पुसायला लागल्या.

मी खिडकीशी गेले आणि उगीच पडदा नीट केला. मग कामाला लागले, कारण गुरुवार होता.

या कार्डांवरचे फोटो एका पद्धतीने छापले होते आणि नावं दुसऱ्या. नावांसाठी शिशाचे खिळे जुळवायचे, म्हणजे एकेक अक्षर धातूचं. ते खिळे कागदावर जोरात दाबले जातात आणि मागून बारीक उठाव येतो. डोळ्यांना सहसा दिसत नाही. मी कार्ड पालथं घातलं, खोलीत अंधार केला आणि साधी टॉर्च टेबलाला टेकवून अगदी आडवी धरली. आडव्या उजेडात उंचवट्यांच्या सावल्या पडतात. संध्याकाळी शेतातली ढेकळं मोठी दिसतात, तसं. जाहिरातीच्या मजकुरामागून एक ओळ हळूहळू वर आली. उलटी होती. मी हातआरसा धरला.

आशाबाईंना जवळ बोलावलं आणि काही न सांगता आरसा त्यांच्यासमोर केला. कंडक्टरची नजर. त्यांनी बोट न लावता एकेक अक्षर वाचलं.

"र. पै. ठ. ण. क. र."

ठ पूर्ण गोल होता. ट असता तर तोंड उघडं राहिलं असतं. मी मोबाइल स्टँडवर लावून अकरा फोटो काढले. प्रत्येक फोटोला नंबर दिला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना साखर जास्त घातलेला चहा दिला.

तरीही काम अर्धंच झालं होतं. कार्ड पैठणकरांचं ठरलं. पण तो पैठणकर म्हणजेच रघुनाथ ढवळे, हे अजून आशाबाईंच्या तोंडचं होतं. शुक्रवारी सकाळी मी कपाडियांना फोटो पाठवले आणि फोन केला. मात्रा आणि ठ त्यांनी निमूट मान्य केले.

"पण वसुधाबेन, ढवळे? प्रूफ काय?"

मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली बोटाची. कार्डावरचा कीपर ग्लोव्हज काखेत धरून उभा आहे, डावा पंजा उघडा. करंगळीशेजारचं बोट पहिल्या पेरापासून बाहेर वळलेलं. कीपरांची बोटं मोडतात आणि मग आयुष्यभर तशीच राहतात. आशाबाईंच्या लग्नातला एक फोटो त्यांनी बहिणीकडून आणला होता. रघुनाथ ढवळे मुलीच्या डोक्यावर हात ठेवून उभे आहेत. डावा हात, तेच बोट, तसंच वळलेलं.

दुसरी गोष्ट डागाची. "चोवीस कार्डं एका डब्यात साठ वर्षं राहिली," मी म्हटलं. "त्यात तीन मोठे खेळाडू आहेत. कुंकू त्यांच्यापैकी एकावरही नाही. ते सतरा नंबरवर आहे, ज्याला कुणी ओळखत नाही. पूजा करणाऱ्या बाईचा तो नवरा नसेल, तर तिने नेमकं तेच कार्ड का उचललं, हे तुम्ही मला सांगा."

"माझ्या मम्मीने असंच पप्पांच्या टायपिंग मशीनला लावलेलं," कपाडिया म्हणाले. "पाठवा रिपोर्ट. आणि किंमत?"

सतरा नंबरची किंमत मी त्या तिघांच्या कार्डांच्या एकत्रित किमतीहून जास्त लिहिली होती. डाग पडलेल्या कार्डाला? असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, डाग नसलेलं दुसरं दाखवा, मी कमी करते. ते हसले आणि आकडा तसाच ठेवला. अवस्थेचा रकाना मी नव्याने भरला. त्या रकान्यातलं माझं हे सर्वांत आवडतं वाक्य आहे, म्हणून जसंच्या तसं देते. 'हळद व कुंकू, खेळाडूच्या पत्नीने दसऱ्याच्या पूजेत लावलेलं. काढू नये.' ग्रेड मात्र दोनच राहिली. नियम म्हणजे नियम.

लिलावात पूर्ण संच पुण्याच्या एका खासगी संग्रहाने घेतला. माझ्या अंदाजापेक्षा बोली वर गेली. त्यांनी कपाडियांना लेखी कळवलं की संच फोडणार नाहीत आणि सतरा नंबर साफ करणार नाहीत. जुन्या यादीची सुधारलेली प्रत आता निघाली आहे. तिच्यात सतरापुढे र. पैठणकर आहे, कंसात रघुनाथ ढवळे, पैठण. खाली बारीक अक्षरांत मूल्यांकन करणारीचं नाव आहे. तेही वाचा. तुमच्या आजीचं नाव खेळाच्या पुस्तकात येईल असं तिच्या गेम्स टीचरला कधी वाटलं नव्हतं.

दसऱ्यानंतर आशाबाई आल्या. पिशवीतून कॅटलॉग काढला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. चौदाव्या पानावर सतरा नंबरचं मोठं चित्र आहे आणि त्याखाली ठळक अक्षरांत पूर्ण नाव. आता वडील नाहीत, आईही नाही. म्हणून या वर्षी त्यांनी या चित्रातल्या वडिलांच्या कपाळाला रीतसर कुंकू लावलं होतं, पहिल्यांदाच. पानाच्या खालच्या भागाला कुठेही बोट लागलेलं नव्हतं.

"काठ मोकळा ठेवला, मॅडम," त्या म्हणाल्या. "आता लोकांना वाचायचाय."

तर नकुल, खोका टाकू नकोस. आधी सगळ्या कार्डांची यादी कर, आणि यादी झाली की तिच्यावर विश्वास ठेवू नकोस. एखाद्यावर डाग दिसला तर पुसायला कापड घेण्याआधी तो कुणी लावला, ते शोध. आणि काहीही झालं तरी लॅमिनेट करू नकोस.